पन्नाशीनंतर डोंगरवाटेवर सायकल : भीतीचा हिशेब

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने रस्त्यावर सायकल चालवायला घेतली की घरात कौतुक होतं. साखर आटोक्यात राहील, पोट कमी होईल, गुडघ्यांनाही बरं. तोच माणूस ‘आता टेकडीवरच्या पायवाटेने सायकल न्यायची आहे’ म्हणाला की सूर बदलतो. ‘या वयात हात-पाय मोडून घ्यायचेत का?’ हा प्रश्न बायको विचारते, मुलगी विचारते, सोसायटीतले नाना विचारतात. खरं तर तो स्वतःही स्वतःला तेच विचारत असतो.

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ‘वय म्हणजे नुसता आकडा’ अशा वाक्यांनी ती जातही नाही. विशीतला पोरगा पडला तर बऱ्याचदा कपडे झटकून उठतो. पंचावन्नाव्या वर्षी तेवढ्याच पडण्यात मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये जातं आणि पुढचे काही महिने फिजिओथेरपीत. पण या भीतीत दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली असते. एक, पडण्याची शक्यता. दुसरी, पडण्याची किंमत. शक्यता बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या हातात असते: वेग, वाट, सायकल, सराव आणि कुठे उतरून चालायचं याचा निर्णय. किंमत मात्र वय ठरवतं. उतारवयात हा खेळ सुरू करावा की नाही, याचं उत्तर या दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासल्याशिवाय मिळत नाही.

एका खेळाची दोन घराणी

माउंटन बायकिंगचा जन्म म्हटलं की कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीचं नाव निघतं. सत्तरच्या दशकात तिथली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरउतारांवरून सुसाट सोडत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली ‘रिपॅक’ शर्यत भरवली. उतार जेमतेम तीन किलोमीटरचा, उंचीतला फरक सुमारे चारशे मीटर. मागच्या चाकाच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि ते नव्याने भरावं लागायचं. त्यावरून शर्यतीला हे नाव पडलं. पहिली शर्यत अ‍ॅलन बाँड्सने जिंकली, कारण न पडता खाली पोहोचलेला तो एकटाच होता. पुढच्याच वर्षी जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकल बांधली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ कारखान्यातून बाहेर पडली. १९९० मध्ये ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ दाखल झाला.

दुसरं घराणं याहून जुनं आहे आणि त्याची चर्चा कमी होते. १९५५ मध्ये इंग्लंडमधल्या लेम्स्टर (Leominster) गावी ‘रफ-स्टफ फेलोशिप’ स्थापन झाली. साध्या सायकली घेऊन डोंगरखिंडी, शेतवाटा, माळरानं पालथी घालायची. जिथे चालवता येईल तिथे चालवायची, नाहीतर सायकल खांद्यावर मारून चालायचं, असा त्यांचा खाक्या. त्यांच्यातल्या काहींनी १९५८ मध्ये आइसलँडचा ओसाड अंतर्भाग असाच पार केला. घड्याळ लावून उतार मारण्यात त्यांना रस नव्हता.

आज यूट्यूबवर दिसतं ते जवळजवळ सगळं पहिल्या घराण्याचं. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या ‘रेड बुल रॅम्पेज’मधल्या कड्यांवरच्या उड्या पाहून पन्नाशीतल्या माणसाच्या पोटात गोळा आला तर नवल नाही. पण त्याला जे करायचं असतं, ते असतं दुसऱ्या घराण्याचं. आपण नक्की कुठल्या खेळाला घाबरतो आहोत हे एकदा कळलं की निम्मी भीती तिथेच गळते.

शरीराची बाजू

उरलेली निम्मी भीती मात्र खरी आहे. हाडांची घनता साधारण तिशीच्या आसपास सर्वाधिक असते, पुढे हळूहळू घटते. स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं ही झीज झपाट्याने होते, आणि भारतीय स्त्रियांची पाळी पाश्चात्य स्त्रियांच्या तुलनेत लवकर जाते. म्हणून पन्नाशीच्या पुढच्या बाईने, आणि साठीकडे झुकलेल्या पुरुषानेही, टेकडी गाठण्याआधी डॉक्टरांना विचारून हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घेतलेली बरी. तिच्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली गेला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हा आकडा माहीत नसताना उतार निवडणं म्हणजे खिशात किती पैसे आहेत ते न पाहता दुकानात शिरणं.

दुसरा मुद्दा डोक्याचा. वय वाढतं तसा मेंदू किंचित आक्रसतो. त्यामुळे मेंदू आणि कवटीच्या आतलं आवरण यांना जोडणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. म्हणून साध्या वाटणाऱ्या आपटण्यानेही आत रक्त साचू शकतं आणि त्याची लक्षणं कधी कधी दिवसांनी, आठवड्यांनी दिसतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा धोका आणखी वाढतो. हेल्मेट अर्थातच हवं; पण हेल्मेट घातलं म्हणून ‘डोकं आपटलं होतं, आता ठीक आहे’ असं म्हणून गप्प बसायचं नाही. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं, कारण आतला फोम एकदाच दबतो.

तिसरा मुद्दा तोलाचा. २०२२ मध्ये ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. पाचांतल्या एकाला ते जमलं नाही, आणि पुढच्या काही वर्षांत त्या गटातलं मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. ही चाचणी घरात भिंतीजवळ उभं राहून करता येते. ज्याला ती जमत नाही त्याने आधी तोल कमवावा, सायकल नंतर घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्येही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम सांगितला आहे.

इथे सायकलबद्दलचा एक गोड गैरसमजही दूर करायला हवा. सायकल चालवल्याने हृदय, फुप्फुसं, मांड्या सुधारतात. हाडं आपोआप मजबूत होत नाहीत. शरीराचा भार सीटवर असल्यामुळे हाडांना हवा तो ताण मिळत नाही. केवळ रस्त्यावर भरपूर सायकल मारणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता कमी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात डोंगरातल्या सायकलपटूंची हाडं रस्त्यावरच्यांपेक्षा घट्ट आढळली; हादरे, उभं राहून चालवणं आणि हातांवर येणारा ताण ही त्याची संभाव्य कारणं. मात्र ते सगळे स्पर्धक पुरुष होते. पंचावन्नाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याने त्या भरवशावर न राहता आठवड्यातून दोनदा वजनं उचलावीत.

माणूस पडतो कसा

टेकडीचा मध्यम उतार. वर मुरूम पसरलेला, पावसाच्या पाण्याने मधोमध वीतभर घळ पाडलेली. चालवणारा उंच सीटवर घट्ट बसलाय, हात कोपरात ताठ, नजर पुढच्या चाकावर. अचानक नारळाएवढा दगड दिसतो. चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळला जातो. चाक मुरुमावर घसरतं किंवा जागीच थांबतं, अंगाचं वजन पुढे जातं, माणूस हँडलवरून पलीकडे. हात आपसूक पुढे येतात आणि तळव्यावर सगळा भार पडतो. मनगट मोडतं, किंवा तोच धक्का वर चढत जाऊन गळपट्टीचं हाड. सगळा प्रकार दोन सेकंदांत आटोपतो.

यात चुका किती? सीट उंच होती, हात ताठ होते, नजर जवळ होती, ब्रेक एकदम लावला. यातली एकही चूक वयाने केलेली नाही. पंचविशीतला नवशिका याच चार चुका करतो. वयाचा संबंध शेवटी, हाड जमिनीला लागताना येतो. म्हणून पहिल्या चार पायऱ्यांवर काम केलं तर पाचवीची वेळ क्वचित येते.

पडण्याचा दुसरा प्रकार इतका नाट्यमय नसतो, पण उतारवयात तोच जास्त महाग पडू शकतो. चढावर दम संपतो, सायकल थांबते, पाय पेडलवरून वेळेत सुटत नाही आणि माणूस जागच्या जागी कुशीवर कोसळतो. वेग शून्य, पण मार खुब्यावर. यावर उपाय सोपा आहे: बूट अडकवायची पेडल्स सुरुवातीला घ्यायचीच नाहीत. खिळ्यांची रुंद, साधी पेडल्स आणि सपाट तळव्याचे बूट पुरतात. तिसरा प्रकार खास आपल्याकडचा: वळणावर आडवी आलेली म्हैस किंवा वाडीजवळ अंगावर धावून येणारं कुत्रं. कुत्र्यासमोर वेग वाढवण्यापेक्षा उतरून सायकल मधे धरून चालणं बऱ्याचदा कामी येतं.

सायकल किती बदलली

आज साठीत सुरुवात करणाऱ्याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे सायकल. रिपॅकवाल्यांचे ब्रेक तापून निकामी होत. आजचे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक एका बोटाने, मोजून दाबता येतात. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो. चाकं २६ इंचांवरून २९ पर्यंत गेली, त्यामुळे दगड-खड्डे सहज ओलांडता येतात. पुढचा फोर्क पूर्वीपेक्षा तिरका झाला, म्हणून उतारावर पुढे फेकलं जाण्याची भीती कमी झाली. ट्यूबलेस टायरमध्ये वीस-पंचवीस पीएसआय हवा ठेवता येते; टायर जमिनीला घट्ट धरतो आणि बाभळीचा काटा लागला तरी आतला द्राव भोक बुजवतो. आणि ड्रॉपर: हँडलवरचं बटण दाबून अंगाचा भार दिला की सीट खाली जाते, अंग मागे नेता येतं, पाय जमिनीला टेकतात. नवशिक्या प्रौढासाठी सस्पेन्शनपेक्षाही आधी ड्रॉपरवर पैसे घालावेत, असं माझं मत आहे.

सावध राहायचं ते ‘दिसायला एमटीबी’, म्हणजे नुसत्या दिसायला माउंटन बाइक असलेल्या सायकलींपासून. जाड टायर, भडक स्प्रिंग आणि पत्र्याचे ब्रेक लावलेली दहा-बारा हजारांची सायकल कॉलनीत ठीक. मुरमाच्या उतारावर तिचा फोर्क दगड झेलत नाही. धड ब्रेक आणि चालणारा फोर्क असलेली हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) याच्या काही पट महाग पडते. ते परवडत नसेल तर भाड्याने किंवा जुनी चांगली घ्यावी. मोटरची मदत देणारी ई-एमटीबी चढावर हृदय आणि गुडघे सांभाळते; मात्र ती बरीच जड असते आणि उतारावर ते वजन आवरावं लागतं. चढ सोपा झाला म्हणून झेपत नसलेल्या उताराच्या तोंडाशी पोहोचणं, हा तिचा छुपा धोका.

शिकणं आणि घाबरणं

आपल्याकडे सायकल ‘येते’ हे शाळेतच ठरून गेलेलं असतं, म्हणून चाळीस वर्षांनी ती पुन्हा शिकायची असते हे कुणाच्या डोक्यात येत नाही. डोंगरातली सायकल मैदानावर शिकावी लागते. दोन्ही पेडल्स एका पातळीत, गुडघे आणि कोपरं सैल, बूड सीटवरून उचललेलं, टाचा किंचित खाली, वजन पायांवर, प्रत्येक ब्रेकवर एकच बोट, नजर पाच-दहा मीटर पुढे. या स्थितीत गवताळ मैदानावर हलक्या उताराने येणं, ठरवलेल्या रेषेवर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून थांबणं, छोटी पायरी उतरणं, चालत्या सायकलवरून मागे उतरणं. कंटाळवाणं वाटतं, पण उतारावर डोकं सुन्न झालं की शरीर यातलंच काहीतरी करतं.

भीतीबद्दल संशोधनात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. अमेरिकेत मेरी टिनेटी यांनी १९९० मध्ये वृद्धांमधली पडण्याची भीती मोजण्याची पद्धत आखली. त्यानंतरच्या अभ्यासांतून दिसलं की ही भीती स्वतःच माणसाला पाडू शकते: घाबरलेला माणूस हालचाल कमी करतो, स्नायू आणि तोल बिघडतो, आणि पडण्याचा संभव वाढतो. सायकलवर हेच काही क्षणांत घडतं. घाबरलं की हात ताठ होतात, नजर चाकाशी येते, ब्रेक आवळला जातो. उलट मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की ‘मला हे जमतं’ हा विश्वास प्रामुख्याने स्वतः करून जमलेल्या गोष्टींतून येतो; उपदेशाचा परिणाम त्यामानाने फिका. म्हणून छोटा उतार पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत करावा.

उताराच्या तोंडाशी भीती वाटली तर तिला काम द्यावं. उतरावं, पायी खालपर्यंत जाऊन वाट पाहावी, चाक कुठून न्यायचं ते ठरवावं. ती रेघ मोठ्याने सांगता आली तर चालवावी, नाही सांगता आली तर ढकलत न्यावी. दमल्यावर ‘आता शेवटचा एक उतार’ टाळावा. स्ट्रॅव्हा अ‍ॅपवर उताराच्या वेळा बघूच नयेत. तरुणांच्या ग्रुपबरोबर जाणं चांगलं. पण ‘काका, काही होत नाही, सोडा ब्रेक!’ म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नये.

आपल्या डोंगरातल्या वाटा

महाराष्ट्रात खास सायकलसाठी आखलेल्या, सोपी-मध्यम-अवघड अशा खुणा केलेल्या वाटा फारशा नाहीत. परदेशात स्कीइंगच्या धर्तीवर हिरवा, निळा, काळा असे रंग देतात. नवशिक्याला आपली पायरी कळते. इथे ती प्रतवारी स्वतःच करावी लागते. मावळ-मुळशीतल्या गाडीवाटा, धरणांच्या काठचे कच्चे रस्ते, कोकणातले जांभ्याचे सडे, नाशिक परिसरातली माळरानं हे नवशिक्याचं मैदान. घाटवाटा आणि घसाऱ्याचे उतार खूप पुढचे. शहरातल्या टेकड्या जवळच्या असल्या तरी त्या बऱ्याच ठिकाणी वनखात्याच्या आहेत. कुठे सायकल चालते आणि कुठे नाही हे विचारून जावं. सकाळी तिथे फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांचा हक्क आधीचा. त्यांच्यामागून घंटी न वाजवता उतार मारणारा सायकलवाला त्यांचंच हाड मोडू शकतो.

ऋतूंचाही विचार हवा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि त्यावर कुठलाही टायर टिकत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुरूम भुसभुशीत आणि ऊन जीवघेणं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने शिकायला उत्तम. एकट्याने जाऊ नये, घरी वाट सांगून जावं, आणि घाटात फोनला रेंज नसते हे गृहीत धरावं. १०८ ला फोन लावायलाही रेंज लागते. आरोग्य विमा तपासावा. आपल्याकडच्या पॉलिसींत साहसी खेळांची वगळणूक असते. तिच्या प्रमाण शब्दरचनेत व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांचा उल्लेख आहे, तरी आपली पॉलिसी स्वतः वाचलेली बरी.

कोणी थांबावं

ऑस्टिओपोरोसिस असून आधी एखादं हाड मोडलेलं आहे, रक्त पातळ करणारी औषधं चालू आहेत, चक्कर येते, फिट येते, इन्सुलिनमुळे साखर अचानक उतरते, किंवा नुकताच हृदयविकार होऊन गेला आहे: अशांनी डॉक्टरांच्या स्पष्ट होकाराशिवाय डोंगरउताराच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्यासाठी सपाट कच्चा रस्ताही वाईट नाही. चाळिशीपुढच्या बैठं काम करणाऱ्याने चढ सुरू करण्याआधी रक्तदाब आणि हृदयाची तपासणी करावी, कारण तीव्र चढावर नाडी काही मिनिटांत शिगेला पोहोचते. प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: भिंगाचा खालचा भाग वाचनासाठी असतो, त्यातून चाकासमोरची जमीन धूसर दिसते. डोंगरासाठी लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

पदरात काय पडतं

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची कसून तपासणी केली. त्यांच्या स्नायूंत आणि प्रतिकारशक्तीत वयाबरोबर अपेक्षित असलेली घट बरीच कमी आढळली. ते सगळे वर्षानुवर्षं सायकल चालवणारे होते, त्यामुळे नवशिक्याला तेवढं वचन देता येत नाही. पण उशिरा सुरुवात करणाऱ्यासाठीही एक उदाहरण आहे. फ्रान्सचे रोबेर मारशाँ यांनी सदुसष्टाव्या वर्षी पुन्हा सायकल हाती घेतली, आणि १०१ ते १०३ या वयात योजनाबद्ध सरावाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता घटण्याऐवजी वाढली. डोंगरातलं नाव हवं तर नेड ओव्हरेंड: १९९० चा पहिला जगज्जेता, ज्याने २०१५ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, अमेरिकेची जाड टायरच्या सायकलींची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

आणखी एक तुलना करून पाहण्यासारखी आहे. शहरातल्या रस्त्यावर आपला जीव टँकरवाल्याच्या आणि मोबाइल बघत गाडी चालवणाऱ्याच्या हाती असतो. डोंगरवाटेवर धोका बहुतांशी स्वतःच्या निर्णयांतून येतो, आणि पन्नाशीतल्या माणसाकडे जर एखादी गोष्ट तरुणापेक्षा जास्त असेल तर ती म्हणजे वेळीच थांबण्याची अक्कल.

तेव्हा निवाडा असा: तब्येत तपासलेली, ब्रेक आणि ड्रॉपर चांगले, मैदानावर सराव झालेला आणि वाट स्वतःच्या पायरीची असेल, तर पन्नाशीत काय, साठीतही डोंगरवाटेवर सायकल सुरू करायला हरकत नाही. सगळ्यांसमोर उतरून सायकल ढकलत न्यायची ज्याला लाज वाटते, त्याने मात्र रस्त्यावरच चालवावी.